आतून न रंगवलेली लॉरी

१

उन्हाळ्यात चांद्याला दुपारी बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नाही. जटपुरा दरवाजाच्या आत माझं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं भाड्याचं घर आहे. बाहेरच्या खोलीला वाळ्याचे पडदे, आतल्या खोलीत खिडकीशी टेबल. अकराला जेवण. मग घरकामाची शकुबाई पडद्यांवर पाणी मारते, स्वयंपाकघरात जाऊन लवंडते, आणि मी टेबलाशी बसतो. दोन महिने माझा हाच क्रम होता आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्याबद्दल मला एवढी खात्री नाही.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी लहान गाड्या करायला शिकलो. पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केली, नंतर नागपूरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, आणि आता हे. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताला कंप सुटलाय, त्याला बारीक काम द्या. मुंबईच्या पुतण्याने एक इंग्रजी पुस्तिका, चार ब्रश आणि रंगाच्या डब्या पाठवल्या. लढाईतल्या लॉऱ्या, रणगाडे, तोफा यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती कशा कराव्यात, कशा रंगवाव्यात आणि मग त्या वापरलेल्या, मळलेल्या कशा दिसतील, हे तिच्यात सांगितलं होतं.

नवख्याने सोप्या आकारापासून सुरुवात करावी, असं पहिल्याच पानावर होतं. रणगाडा नको, तोफ नको, पेटीसारखी गाडी घ्या. शेवटी आराखडे होते. चौथा होता तीन टनी लष्करी लॉरीचा. मागे फळ्यांची बंद पेटी, वर पत्र्याचं छप्पर, पाठीमागे एकच दार, त्याला बाहेरून कडी. सामान वाहायची लॉरी. माप खऱ्या फुटाला तीन अष्टमांश इंच. मी तीच निवडली, कारण ती पेटीसारखी होती. आणखी काही कारण होतं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

फळ्या सोमाजी सुताराने तासून दिल्या.

"नातवासाठी का जी, सायेब?"

"नाही. माझ्यासाठीच."

त्याने रंधा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "बरं हाये. म्हातारा आन् लेकरू एकच. फक्त म्हाताऱ्याले कोनी मारत नाई."

"साग आहे ना हा?"

"साग नाई तं का? पन्नास वर्सं हालनार नाई हे लाकूड. तुमीच हालान."

त्याच्या फळ्या थोड्या अपुऱ्या पडल्या आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक फटी राहिल्या, एक वर, एक खाली. लुकण भरायला गेलो आणि थांबलो. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खऱ्या गाडीलाही फटी पडतातच. राहू दे म्हटलं. दाराला टिनच्या बिजागऱ्या केल्या, पितळी तारेची कडी केली, छप्पर चार टाचण्यांवर बसवलं. बंद पेटी आतून रंगवण्याचे कष्ट घेऊ नयेत, ती कोणी पाहत नाही, असं पुस्तिकेत होतं. मी आत लाकूड तसंच कोरं ठेवलं, दार लावलं आणि कडी घातली.

२

बुधरी दर रविवारी येते.

ती एटापल्लीकडच्या रानातली, गोंडाची बाई. पन्नाशीची असेल. नवरा गेल्यावर बल्लारशाच्या लाकूड डेपोत मजुरीला लागली. उन्हाळ्यात रविवारी चांद्याच्या बाजारात चारं-टेंभरं अशी रानफळं विकते, आणि बाजार उठला की टोपलं घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसते. तिच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांनाच तू म्हणतात. मी चांद्याला राहायला आलोय हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. पहिल्या दिवशी तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं नाही.

गोष्ट त्रेचाळीस सालची, मे महिन्यातली. लढाईचे दिवस होते. त्या रानात एक तात्पुरती छावणी पडली होती आणि तिच्या रस्त्याला मजूर हवे होते. मजूर गोळा करून देणं हे माझं काम. बुधरीच्या गावचे एकोणीस पुरुष एका लॉरीत घातले. माणसं न्यायच्या लॉऱ्या नव्हत्या, सामानाची होती ती घेतली. वीस मैलांवर रानात लॉरी बंद पडली. चालक पायी छावणीकडे निघाला, वाटेत हिवतापाने पडला आणि तीन दिवस कोणाच्या तरी पडवीत बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी छावणीची माणसं लॉरीपाशी पोचली तेव्हा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, दार उघडं होतं आणि पेटी रिकामी.

चौकशी माझ्याकडे आली. कडी घातलेलीच नव्हती, असं चालकाने सांगितलं. मी अहवाल लिहिला: एकोणीस मजूर संधी साधून पळून गेले. त्यांच्यातला एकही पुढे कुठे दिसला नाही. ते मी अहवालात लिहिलं नाही, कारण तोवर अहवाल गेला होता.

बुधरीने तेव्हा जबानी दिली होती. नवरा सुकलू लॉरीत होता आणि आठ वर्षांची मुलगी इतवारी बापाला चिकटून त्याच्याबरोबर आत चढली होती. यादीत मुलीचं नाव नव्हतं. मी लिहिलं: लॉरीत स्त्री अथवा मूल नव्हते.

"मेला म्हन, सायेब," बुधरी ओट्यावरून म्हणायची. "पळाला नको म्हनू."

"बाई, मला जे कळलं ते मी लिहिलं."

"पळाल्याले गोटा नाई ठेवत."

त्यांच्या गावी माणूस मेलं की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. दगड उभा झाला की त्याचं नाव घेता येतं, त्याला भात ठेवता येतो, बायको मोकळी होते. पळालेल्याला दगड नाही. चौदा वर्षं त्या गावातल्या एकोणीस घरांत बायका ना सधवा ना विधवा. आणि इतवारीचा तर प्रश्नच नाही, ती कुठे गेलीच नव्हती.

"गाव म्हनते, सरकारच्या कागदावर पळाला लिवलं हाये. उद्या आला तं? मी म्हनतो, नाई येत. गाव म्हनते, कागद आन."

बुधरी स्वतःबद्दल बोलताना 'म्हनतो, येतो' असंच म्हणायची.

शकुबाई आतून ऐकत असायची. बुधरी गेली की माझ्यावर घसरायची. "देऊन टाका ना एक कागद, अप्पासाहेब. तुमचं काय जाते? दिवसभर त्या खेळन्याले रंग फासता, तिले चार ओळी नाई लिहून होत?"

"खोटं कसं लिहू?" मी म्हणालो.

हे मी खरोखर म्हणालो. शकुबाई साक्षीला आहे.

३

लॉरीला हिरवट खाकी रंग दिला. दोन हात. वाळल्यावर ती दुकानातल्या खेळण्यासारखी दिसायला लागली, आणि मग मला ज्याची ओढ होती ते काम सुरू झालं.

पुस्तिकेतल्या त्या प्रकरणाला मी मनाशी 'मळवणं' म्हणायचो. टर्पेंटाइनमध्ये तपकिरी रंग अगदी पातळ करून फळ्यांच्या सांध्यांत सोडायचा. रंग लावलेला ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि नुसता कडांवरून फिरवायचा, म्हणजे झिजल्यासारखं दिसतं. शिसपेन्सिलीचं टोक घासून ती पूड बोटाने पत्र्याच्या कोपऱ्यावर चोळली की खालचं लोखंड उघडं पडल्याचा भास होतो. चाकांना खरी माती, मलमलीतून गाळलेली, डिंकात कालवून.

या सगळ्यावर एकच नियम होता आणि मला, तर्कशास्त्राच्या मास्तरला, तो फार आवडला. कारणाशिवाय एकही डाग देऊ नये. पायरी झिजते कारण तिथे पाय पडतो. दरवाजाची मूठ उजळते कारण तिला हात लागतो. गाडीकडे पाहून सांगता आलं पाहिजे, कोण कुठे बसलं, कोणी काय धरलं. आणि खाली बारीक टाइपात: वापरातली गाडी आतून कधीच स्वच्छ नसते.

मी आठ दिवस मळवत होतो. हाताचा कंप गेला. शकुबाईलासुद्धा जाणवलं.

नवव्या दिवशी भिंगातून पाहताना कडीवर एक झीज दिसली. मी ती केली नव्हती. कडीच्या वरच्या अंगाचा खाकी रंग जाऊन खालचं पितळ दिसत होतं. ठीक आहे, माझीच बोटं लागली असतील. पण बोटाने घासलं की धातू गुळगुळीत उजळतो. इथे रंग बारीक चौकटी-चौकटींनी गेला होता, उभ्या-आडव्या रेघा, कापडाच्या विणीसारख्या. मी बराच वेळ पाहिलं. मग ठरवलं की ब्रश पुसायचं फडकं घासलं असावं. फडकं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतं, हे माझ्या लक्षात होतं. तरीही ठरवलं.

त्याच दिवशी लॉरीच्या मागच्या भागाखाली टेबलावर चिमूटभर भुगा पडलेला होता.

४

भुगा मी फुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला होता. तिसऱ्या दिवशी शकुबाईने पुसला आणि चौथ्या दिवशी ती म्हणाली, "त्या गाडीले घुण लागला, अप्पासाहेब. माझ्या डब्याडुब्यांत येईन आता."

मी सोमाजीला बोलावलं. वाद जिंकण्यासाठी साक्षीदार बोलवावा तशा आवेशात बोलावलं, कारण मला घुण हवा होता. घुण म्हटलं की कारण सापडलं.

सोमाजीने भुगा बोटावर घेतला, चोळला, हुंगला. मग लॉरी उचलून कानाशी धरली आणि लगेच खाली ठेवली.

"सागाले घुण लागत नाई, सायेब."

"एखादी फळी दुसऱ्या लाकडाची गेली असेल."

"मले लाकूड शिकवता काय जी?" तो हसला, पण नजर लॉरीवर होती. "घुणाचा भुगा पिठावानी असते. हे पीठ नाई. हे खरडलेलं हाये. नखानं खरडल्यावानी."

"कानाशी काऊन धरली?" शकुबाईने दारातून विचारलं.

"काई नाई."

"आयकू आलं काई?"

"काई नाई म्हनलं ना, बाई." त्याने धोतराला हात पुसले. जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "सायेब, कडी काढून ठेवा. दार बंद ठेवू नका."

"का?"

"लाकडाले हवा लागते," तो म्हणाला. अशी उत्तरं विद्यार्थी परीक्षेत देतात.

मी त्या दिवशी कडीला हात लावला नाही. रंगात अडकली असेल, ओढली तर तार तुटेल, एवढी मेहनत वाया जाईल. ही कारणं मी तेव्हाच वहीत लिहून ठेवली. आज वाचली. एकही कारण कडीला हात लावून पाहिलेल्या माणसाचं नाही.

५

आवाज दुपारीच यायचा. पडदे वाळत आलेले असायचे, रस्ता ओस, कावळासुद्धा गप्प. आरामखुर्चीत डोळा लागतोय न लागतोय तोच टेबलावर खडखड सुरू व्हायची. फार बारीक. घड्याळाची नव्हती, ते बाहेरच्या खोलीत आहे. पाल असेल म्हणून काठीने टेबलाखाली पाहिलं. उन्हाने लाकूड तडकतं, तो आवाज एकेक, सुटा येतो. हा सुटा नव्हता. अनेक जागी एकदम, मग थोडं थांबून पुन्हा.

तीन दिवस मी त्याची वेळ टिपली. सव्वा वाजल्यापासून साडेतीनपर्यंत. तीन दिवस टिपल्यावर लक्षात आलं की रोज आवाज किंचित मंदावतोय. मला बरं वाटलं. किडा असेल, मरत असेल. हे वाक्य वहीत आहे. मी ते खोडलेलं नाही.

चौथ्या दुपारी आवाज जवळजवळ बंद होता. एक-दोन जागी, तोही मधूनच. मी खुर्चीत पडून ऐकत होतो. घसा खवखवला आणि मी खोकलो.

आवाज थांबला.

तो जसा थांबला ते मला सांगता येईल असं वाटत नाही. किडे गप्प होतात तसा तो थांबला नाही. बाहेर कोणीतरी आहे, हे कळल्यावर आत माणसं श्वास रोखतात, तसा थांबला. दहा मोजण्याइतका वेळ काहीच नाही.

आणि मग सगळीकडून एकदम सुरू झाला. दोन्ही बाजूंनी, दारावर, छपराला खालून. टेबलावरची पाण्याची वाटी थरथरली. मी पाण्यातली वर्तुळं पाहिली. मी उठलो नाही. मला उठता येत नव्हतं असं मी लिहिलं असतं, पण ते खरं नाही. मी ठरवून हललो नाही. श्वाससुद्धा हळू घेतला, पुन्हा कळू नये म्हणून.

बऱ्याच वेळाने आवाज ओसरला. शेवटी एकच उरला, दाराजवळ, खाली. मग तोही गेला.

६

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवण गेलं नाही. पुस्तिका उघडून बसलो, आणि त्या बारीक टाइपातल्या ओळीवर नजर अडली. वापरातली गाडी आतून कधीच स्वच्छ नसते.

त्रेचाळीस साली, चौथ्या दिवशी, मी त्या खऱ्या लॉरीपाशी गेलो होतो. दुपार होती. मागचं दार उघडं होतं आणि मी रस्त्यावरूनच आत पाहिलं, दोन-तीन क्षण. पेटी स्वच्छ होती. फळ्या ओल्या होत्या. मे महिना, पाण्याचा झरा तीन मैलांवर, आणि फळ्यांवरून पाणी निथळत होतं. फिनेलचा वास येत होता. छावणीचा अधिकारी माझ्याशी फार सभ्यपणे वागला. लिंबाचं सरबत दिलं. अहवालात मी लिहिलं: वाहन स्वच्छ स्थितीत आढळले. कोणी धुतलं हे मी विचारलं नाही. पळून जाणारी माणसं गाडी धुवून जात नाहीत, हा साधा तर्क माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना जमला असता.

मला तेव्हा सुचलं नाही, की सुचलं होतं?

मी छपराच्या चारही टाचण्या चिमट्याने उपसल्या. हात थरथरत नव्हता. छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि भिंग धरलं.

आत मी रंग लावलेला नव्हता, कोरा साग होता. वरच्या फटीच्या कडेने, आतल्या अंगाला, लाकूड ठिकठिकाणी काळवंडलं होतं. गोल ठिपके, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. ओलसर वाफ रोज एकाच जागी लागत राहिली तर लाकूड जसं काळं पडतं आणि त्याचे तंतू उठतात, तसं. मी पट्टी लावली. तळापासून पावणेदोन इंचांना थोडी कमी. खऱ्या मापात साडेचार फूट. साधारण उंचीच्या माणसाचं तोंड, तो किंचित वाकून उभा असेल तर.

प्रत्येक ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना खरडल्याच्या रेघा होत्या. फट रुंद करायचा प्रयत्न केल्यासारख्या. भुगा तिथून पडत होता.

कारणाशिवाय डाग नसतो. मी मोजायला लागलो. उजवीकडे दहा, डावीकडे नऊ. पुन्हा मोजले. पेन्सिलीच्या टोकाने एकेकावर टेकवत तिसऱ्यांदा मोजले. एकोणीस.

मग खालच्या फटीकडे पाहिलं. ती मी आधी पाहिली नव्हती, तिथे काही असण्याचं कारण नव्हतं. दाराजवळ, कोपऱ्यात, एकच ठिपका. सव्वा इंचावर. लाकडावर अजून ओल होती. मी पाहत असताना ती वाळत गेली, आणि पूर्ण वाळायच्या आत पुन्हा ओली झाली.

मी भिंग खाली ठेवलं. स्वयंपाकघराकडे तोंड करून शकुबाईला हाक मारली.

७

ती आली ती बुधरीला घेऊनच. बुधरी ओट्यावर येऊन बसलेली होती, आज वेळेआधी, टोपलं भरलेलंच. ती आजवर कधी आतल्या खोलीत आली नव्हती. टेबलाशी येऊन उभी राहिली. लॉरीकडे तिने पाहिलं, आणि मला अपेक्षित होतं तसं नवल तिला वाटलं नाही.

"काय झालं, अप्पासाहेब? तुमी पांढरे पडले," शकुबाई म्हणाली.

मी बुधरीकडे पाहिलं. "ते मेले, बाई. पळाले नाहीत. आतच मेले."

ती टेबलाच्या आणखी जवळ सरकली.

"वीस जण," मी म्हणालो. "एकोणीस आणि इतवारी."

त्या नावावर तिने एकदा मान हलवली. चौदा वर्षं तेवढंच मागत आलेल्या बाईने रडावं असं मला वाटलं. ती रडली नाही. पदराने हात पुसून तिने लॉरीच्या मागच्या बाजूकडे बोट केलं.

"कडी काढ."

"हो, हो. काढतो." मी हात पुढे केला. माझं बोट कडीला लागलं आणि मी ओरडलो.

कडी तापलेली होती. बाहेरच्या खोलीचे पडदे भिजलेले, लॉरी टेबलावर सावलीत, आणि ती नखाएवढी तार भर उन्हात चार तास पडलेल्या लोखंडासारखी भाजली. मी हात झटकला. आणि मग, विचार न करता, सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला. दोनदा घडी घातली. घडी अंगठ्यावर घेतली आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कडी धरली.

माझा हात तिथेच थांबला. हाताला सगळं येत होतं. किती घड्या घालायच्या, रुमाल कुठे दाबायचा, कडी किती जड आहे. ही तार जड नव्हती. हाताला आठवत होतं ते वजन या तारेचं नव्हतं.

"असाच," बुधरी म्हणाली.

"काय?"

"तवा बी असाच रुमाल काढला होता तू, सायेब. मी झाडाखाली उभा होतो. दार आपटून राह्यलं होतं. डायवर वरतून बोंबलला, सायेब, कडी घाला. तू हात लावला, चटका बसला, मंग रुमाल काढला." ती सावकाश बोलत होती, मला समजावं म्हणून. "तू मानूस वाईट नाई. पडतीन कोनी म्हनून घातली. मी पाह्यलं."

शकुबाईने तोंडावर पदर धरला.

"मग जबानीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं. एवढंच सुचलं मला. अजूनही चौकशीच करत होतो.

"सांगितलं ना. तू लिवलं नाई."

मला ते आठवत नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, मला ते आठवत नाही. पण शपथेवर मी पूर्वीही सांगितलेलं आहे.

मी रुमालाने कडी वर उचलली. ती अडकलेली नव्हती. दार मी ओढलं नाही, ते आपोआप बाहेर आलं, आतून कोणी टेकून उभं असावं तसं. आणि त्या चार इंचाच्या पेटीतून माझ्या मनगटावर हवा आली, गरम, वापरलेली, खूप माणसांची. फिनेलचा वास नव्हता. फिनेल नंतरचं.

बुधरीने आपला तळहात उताणा करून दाराखाली धरला, उतरणाऱ्याला आधार द्यावा तसा. ती तिच्या बोलीत मोजत होती. प्रत्येक आकड्याला तिचा हात किंचित दबत होता. मी लॉरीकडे पाहत नव्हतो, तिच्या हाताकडे पाहत होतो. मला दिसलं ते एवढंच, की एकोणीस वेळा तो दबला आणि विसाव्या वेळी तिने दुसरा हातही पुढे केला आणि कोणाला तरी उचलून घेतलं.

ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात छातीशी. मग म्हणाली, "कागद लिव. आन् गावाले चाल. वीस गोटे उचलाचे हायेत. कडी कोनं घातली, ते तूच सांगजो सगळ्याईले. मी नाई सांगत."

"मी येतो," मी म्हणालो.

शकुबाईने कागद आणि दौत आणून ठेवली. डाव्या हाताने मी कागद दाबून धरला, कारण उजवा पुन्हा कापायला लागला होता. रुमाल टेबलावर पडलेला होता. त्याच्यावर एक तपकिरी चट्टा उठला होता, आणि चट्ट्यात विणीच्या उभ्या-आडव्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

जुना अहवाल मी 'एकोणीस मजूर' या शब्दांनी सुरू केला होता. नवा असा सुरू केला:

कडी मी घातली. लोखंड इतकं तापलेलं होतं की हात लावता येत नव्हता. ते मला माहीत होतं. मी रुमाल वापरला होता.